अर्धाच वाचून दाखवलेला कागद

"आई गेली तरी पोरीच्या डोळ्याला टिपूस न्हाई. बघा की, झाकणं मांडीत बसलीय. गोळ्यांचं पोर हाय त्ये, दुसरं काय व्हणार!"

आपण हळू बोललो असं शेजारच्या सुमनकाकूंना वाटलं असणार, वहिनी. मी आत चहा करत होते आणि बाहेर पडवीत दुखवट्याला आलेल्या बायका बसल्या होत्या. तुला जाऊन पाच दिवस झाले होते. तुझी आरोही भिंतीला पाठ लावून डब्यांची झाकणं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावत होती. चार वर्षांच्या मुलीला आई कुठे गेली हे कळत नाही, की कळतं पण सांगता येत नाही, असा प्रश्न त्या बायकांना पडला नव्हता. त्यांचं सगळं ठरलेलं होतं.

मग तुझी आई बोलली. माती झाल्यापासून ती आमच्याकडेच आहे. दाराशी बसते आणि पदर तोंडाला लावून घेते.

"खरं हाय बाई. मीच पुरविल्या त्या गोळ्या. मीच माझ्या हातानं लेक घालवली. आता पूनमच्या बी फेकून द्याय लावते. दहाव्याला येतीय ती."

पूनम म्हणजे तुझी धाकटी बहीण. तिला पाचवा महिना लागलाय आणि रोज सकाळी उपाशीपोटी ती थायरॉईडची गोळी घेते, हे तूच मला सांगितलं होतंस.

"फेकाच," माझी आई म्हणाली. "एक गेली तेवढी पुरे."

पाच दिवसांत आईनं तुझ्या आईपुढे ताट ठेवलं होतं, उचललं होतं, पण ती तिच्याशी बोलली नव्हती. हे तिचं पहिलं वाक्य.

माझ्यासमोर दूध उतू गेलं. मी ओटा पुसला, कप भरले, बाहेर नेऊन दिले. कुणाला साखर कमी, कुणाला बिनसाखरेचा, सगळं बरोबर दिलं. बोलले मात्र काहीच नाही. दहाव्याला अजून पाच दिवस होते.

हे तुलाच लिहिते आहे, कारण तू गोळ्यांनी गेली नाहीस हे त्या पडवीत फक्त मला माहीत होतं.

घरात सांगतात की शेवाळावरून तुझा पाय घसरला. पहाटेचं दूध काढून झालं, तू जनावरांच्या हौदाशी बादली भरायला वाकलीस, घसरलीस आणि तोंडावर पाण्यात पडलीस. दादा दूध घालायला डेअरीवर गेला होता. तो परत आला तेव्हा सगळं संपलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला दादा हेच सांगतो, त्याच शब्दांत, आणि सांगून झाल्यावर गोठ्याकडे निघून जातो. पण वहिनी, तो हौद तू रविवारी काथ्यानं घासला होतास. मी पाणी ओतत होते. तू घासलेल्या हौदाला तीन दिवसांत शेवाळ धरत नाही. आणि पाय घसरलेला माणूस गुडघाभर पाण्यातून हात टेकून उठतो. मी हे दादाला विचारलं नाही. त्याला खरंच तसं वाटतं, की तसं वाटून घ्यायचंय, हे मला ओळखता येत नाही. त्यानं तो हौद रिकामा केलाय. गाईंना बादलीनं पाणी दाखवतो.

तुला नेसवायला हिरवी साडी हवी होती म्हणून आईनं तुझी पेटी उघडली. मी शेजारी उभी होते. आईचा हात वरच्या घड्यांवर न थांबता थेट तळाशी गेला, हे मी पाहिलं. तिथे रक्तवाढीच्या गोळ्यांचा जुना डबा होता. गावातल्या आशाताईंनी आरोहीच्या वेळी दिलेला. आईनं झाकण काढलं. आत रक्तवाढीच्या गोळ्या नव्हत्या. पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं होती, आठ. तुझ्या आईनं तिथल्या तिथे कपाळ बडवून घेतलं आणि अकराव्या वर्षापासून तुला फिट येत होती हे लग्नानंतर सहा वर्षांनी तिच्या तोंडून आमच्या घराला कळलं.

"एवढ्या गोळ्या खायची!" सुमनकाकू म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत ते वाक्य आळीभर झालं. एवढ्या गोळ्या खायची, म्हणून पोरगी अशी, म्हणून ही अशी गेली. पण ती आठही पाकिटं कोरी होती. एकाही गोळीच्या मागचा चंदेरी कागद फुटलेला नव्हता. आठ पाकिटं पाहून लोक म्हणाले की तू खूप खात होतीस. खाल्ल्या असत्यास तर ती उरली असती का, हे एकाही बाईच्या मनात आलं नाही.

आईचा हात थेट तळाशी कसा गेला? तिला आधीपासून ठाऊक होतं का? ठाऊक असून ती गप्प होती का? हे मी तिला कधी विचारेन असं वाटत नाही. आमच्या घरात सगळे एकमेकांना बरंच काही विचारत नाहीत, आणि मी तर त्या कामात पहिली आहे. तू म्हणायचीस ना, "ताई, तुमी गप ऱ्हाता म्हनून लोक तुमाला शहाणं समजत्यात. बोलूच नका, बोलला की बिंग फुटंल."

तू माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तरी मला ताई म्हणायचीस आणि अहोजाहो करायचीस, कारण मी नणंद. मी तुला अगंतुगं करायचे, कारण तू वहिनी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तू माझी पुस्तकं पुसून लावलीस, सगळी उलटी, आणि मला म्हणालीस की तुमची इंग्रजी अक्षरं सरळ कुठून बघायची ते सांगा, पुढच्या वेळी चुकणार नाही. मला हसू आलं होतं. या घरात माझ्या इंग्रजी शाळेचा सगळ्यांना अभिमान होता, पण मी काय वाचते हे कुणी विचारत नव्हतं. तू विचारायचीस. भांडी घासताना, निवडण करताना, "आज काय वाचलं, सांगा." मी सांगायचे. घरात माझा आवाज सगळ्यात जास्त तू ऐकलास.

आता हे लिहिताना एक संशय येतो, आणि तुझ्यापासून लपवण्यात काय अर्थ आहे? या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच. तू पहिल्या आठवड्यापासून मला जवळ केलंस ते माझ्यासाठी, की कधीतरी एक कागद वाचून घ्यावा लागेल म्हणून? मला पाहायला पाहुणे आले होते आणि माझ्या तोंडून नावसुद्धा फुटेना, तेव्हा तू पोह्यांची बशी पुढे करत म्हणालीस, "आमच्या ताई कमी बोलत्यात, पण एकदा बोलल्या की त्यात बदल न्हाई." पाहुणे हसले. मी वाचले. ते तू हिशेबानं केलं असशील, असं मला वाटत नाही. पण संशय घ्यायची सवय लागली की माणूस चांगल्या आठवणीसुद्धा उलट्यापालट्या करून बघतो.

तुझ्यावरचा पहिला संशय मला नगरला आला. आरोही साडेतीन वर्षांची झाली तरी दोन-तीन शब्दांपुढे जात नव्हती, हाक मारली तर वळत नव्हती, झाकणं हलवली की भिंतीवर डोकं आपटायची. लहान मुलांच्या डॉक्टरांकडे तू, आई आणि मी गेलो होतो. मी फॉर्म भरायला. डॉक्टरांनी विचारलं, "गरोदरपणात कुठली औषधं चालू होती?" तू म्हणालीस, "रक्तवाढीच्या गोळ्या, बास." बोलताना तू आईकडे पाहिलं नाहीस, डॉक्टरांकडेही नाही. अंगठ्याच्या नखानं दुसऱ्या अंगठ्याचं नख खरवडत होतीस. डॉक्टरांनी परत विचारलं, "नक्की?" आईच म्हणाली, "होय हो, मी स्वतः बरोबर असायचे प्रत्येक तपासणीला."

खरंच असायची. तुझ्या प्रत्येक तपासणीला आई आत येऊन शेजारच्या खुर्चीवर बसायची. गावात सगळ्याच सासवा बसतात आणि लोक म्हणतात, सून जपते. तेव्हा तुला डॉक्टरांना एक वाक्य एकटीनं सांगायला नऊ महिन्यांत दोन मिनिटं मिळाली नाहीत. मी ते नखाचं खरवडणं पाहिलं आणि फॉर्मवर औषधांच्या रकान्यात रक्तवाढीच्या गोळ्या असं लिहून तुझी सही घेतली.

मग चैत्रातली ती दुपार. गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि आपण दोघी पाखरं हाकायला बसलो होतो. खाली अंगणात आरोही. तू पोलक्यातून घडी घातलेला कागद काढलास. तुझी आई ऊसतोडीहून परतली होती आणि तिनं शेंगदाण्याच्या डब्यात गोळ्या पाठवल्या होत्या, या वेळी अख्खं खोकं. खोक्यात तो कागद होता.

"ताई, ह्यात काय लिवलंय ते सांगा. समदं सांगा."

"कसला कागद आहे?"

तेव्हा तू मला सांगितलंस. कारखान्यावरच्या ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या, अकरा वर्षांची तू, मोळी बांधता बांधता पडलीस, बायकांनी बाहेरचं म्हणून लिंबू उतरवलं. पुढे कुणीतरी सरकारी दवाखान्याची वाट दाखवली आणि गोळ्या सुरू झाल्या. लग्न ठरताना तुझ्या आईनं सांगितलं, फेपरं हे नाव तोंडातून काढायचं नाही, गोळ्या लपवून खायच्या. तू खात राहिलीस. आरोही पोटात असतानाही. गोळ्यांनी या घरात तुला एकदाही फिट येऊ दिली नाही. म्हणून तर कुणाला कळलं नाही.

"आन आता परत दिस गेल्यात," तू म्हणालीस. "बारा दिस वर झाल्यात."

मी कागद उलगडला. तू माझ्या खांद्यावरून वाकलीस. "एवढं बारीक? मुंग्यांसाठी छापलंय जणू."

मी वाचून मराठीत सांगायला लागले. गरोदर बाईनं ही गोळी घेतली तर बाळात व्यंग येऊ शकतं. मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. अशी काही मुलं उशिरा बोलतात, उशिरा चालतात, त्यांना शिकायला जड जातं, वागणं इतर मुलांसारखं नसतं. मी एकेक ओळ सावकाश सांगत होते, चुकू नये म्हणून. तुझ्याकडे बघत नव्हते. मग तू कठड्याशी गेलीस आणि खाली बघत राहिलीस.

"म्हंजी मीच केलं हिचं."

"तसं नसतं वहिनी. सगळ्या मुलांना होत नाही, असंच लिहिलंय."

"मग हिलाच का?"

"गोळीमुळेच झालं, हे तरी कुणी सांगावं? मीसुद्धा साडेतीन वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हते. आईला विचार. तिनं तर कुठलीच गोळी खाल्ली नव्हती."

"तुमी अजून बी कुटं बोलताय!" तू म्हणालीस आणि हसलीस. गालावरून पाणी वाहत होतं आणि तू हसत होतीस. मला तुझा तो चेहरा सगळ्यात जास्त आठवतो.

मग आपलं भांडण झालं. आपलं एकमेव भांडण. मी म्हटलं, दादाला सांग, दवाखान्यात सांग, ते दुसरी गोळी देतील. तू म्हणालीस, "आन फेपऱ्याची बाई म्हनून मला परत धाडली तर? ह्या पोरीला घिऊन मी कुटं जाऊ, उसाच्या फडात?"

"दादा तसं करणार नाही."

"दादाचं नका सांगू. तुमच्या आई काय करतील त्ये सांगा."

मी कुरडया उलटायला लागले. तू म्हणालीस, "तुमाला ठावं न्हाई, आन शपत घ्याल एवढी खात्री बी न्हाई. मग मला नका शिकवू." मला राग आला. मी म्हटलं, फसवून लग्न तुझ्या घरच्यांनी केलं, मी नाही. हे मी खरंच म्हटलं. त्याची माफी मागायची राहून गेली. आज मागते.

तेवढ्यात जिन्यावर आईची पावलं वाजली. तू कागद माझ्या हातातून ओढून माझ्याच वहीत खुपसलास आणि पाखरं हाकायला लागलीस. अर्धाच कागद वाचून झाला होता.

राहिलेला अर्धा मी दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बसमध्ये वाचला. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी बंद करू नका, गरोदर असलात तरी. एकदम बंद केली तर जोराची फिट येऊ शकते, आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांकडे जा.

मी घरी गेल्यावर सांगायचं ठरवलं. घरी गेले तर तू आईबरोबर शेवया वळत होतीस. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी तू माझ्याशी तुटक वागलीस, भांडणामुळे, आणि मी म्हटलं, आधी ती बोलू दे. चौथ्या दिवशी तू बोललीस, वेणी घालून दिलीस, आणि मला तो विषय परत काढायची भीती वाटली. ही खरी कारणं आहेत. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

आणि मला दिसत होतं, वहिनी. मला सगळं दिसतं, हेच माझं दुखणं आहे. मी एकदा तुझ्या पेटीतून सुईदोरा काढताना तळाचा तो रक्तवाढीच्या गोळ्यांचा डबा उघडून पाहिला. वरच्या पाकिटाला हात लागलेला नव्हता. आठवड्यानं परत पाहिला. तसाच. मी विचारलं, "वहिनी, गोळी घेतेस ना?" तू म्हणालीस, "घेते की." मी तो डबा पाहिलाय हे तुला माहीत नव्हतं. तू खोटं बोलते आहेस हे मला माहीत होतं. आणि मी "बरं" म्हटलं.

मग एकदा दुधाची किटली तुझ्या हातात असताना तू मध्येच थांबलीस. डोळे उघडे, पण समोर बघत नव्हते. किटली कलंडली, दूध तुझ्या पायांवरून गेलं, तरी तुला कळलं नाही. आईनं आरडाओरडा केला तेव्हा तू भानावर आलीस आणि म्हणालीस, चक्कर आली. आईनं तुला लिंबू-पाणी दिलं. नंतर एका सकाळी तुझ्या ओठाच्या कोपऱ्याला रक्त होतं. "दाताखाली जीभ आली," तू म्हणालीस. मला संशय आला. प्रत्येक वेळी मला संशय आला, प्रत्येक वेळी तो खरा होता, आणि मी त्याचं काहीही केलं नाही. त्यानंतर आठ दिवसांनी आपण हौद घासला.

तू त्या बाळासाठी करत होतीस, हे मला कळतं. तिसऱ्या महिन्यात तू किती खूश होतीस. एकदा आरोहीच्या शेजारी बसून तू तिच्यासारखीच झाकणं लावत होतीस आणि मला म्हणालीस, "ह्या बारीला समदं नीट व्हनार बगा ताई." मी तेव्हा तुला हसून दाखवलं. तुला वाटलं असेल, ताईंना ठाऊक आहे, ताईंचा पाठिंबा आहे. माझ्या गप्प बसण्याचा तू असाच अर्थ लावलास का? हा प्रश्न मी तुला रोज विचारते.

आठव्या दिवशी मी घरी खोटं सांगितलं, कॉलेजात फॉर्म भरायचाय, आणि तालुक्याला बायकांच्या डॉक्टरांकडे गेले. तोंडानं बोलता येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून इंग्रजीत चिठ्ठी लिहून नेली होती. तासाभरानं नंबर आला. मी चिठ्ठी आणि तो कागद टेबलावर सरकवला. त्यांनी दोन्ही वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कोण ही? तू?"

मी मान हलवली. नाही.

"कोणत्या महिन्यात आहे?"

मी टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिले. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं, कारण पुढे त्या हळू बोलल्या. फिटच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला जास्त धोक्याच्या असतात, काही कमी, म्हणून दिवस राहायच्या आधीच गोळी बदलून देतात. उशीर झाला तरी रस्ता निघतो. पण बाईनं सांगावं लागतं. "आमच्यापुढे सासू बसलेली असते, नवरा बसलेला असतो. बायका सांगत नाहीत. आणि मग कुणीतरी सांगतं, गोळ्या वाईट, की बंद करून मोकळ्या."

कुणीतरी. ती मी होते.

चिठ्ठीतला दुसरा प्रश्न थायरॉईडचा होता. तो वाचून त्या जवळजवळ ओरडल्याच. "ती कोण बंद करतंय? ती गोळी बाळाच्या डोक्याच्या वाढीसाठीच असते. ती बंद केली तर उलट नुकसान. सगळ्या गोळ्या एका माळेच्या नसतात, सांग त्यांना जाऊन." मी परत मान हलवली. या वेळी हो म्हणून. त्यांनी फी घेतली नाही. दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "आहे ना ती?" मी न वळता बाहेर आले.

बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. एकदा वाटलं, पूनमला फोनवर लिहून पाठवावं. मग वाटलं, तिचा फोन नवरा वाचत असेल. दादाला सांगावं, तर तो गोठ्याकडे जाईल. आईला सांगावं, तर तिचा तो पेटीतला हात मला दिसतो, आणि वाटतं की हिला सगळं ठाऊक आहे आणि ही मलाच गप्प करेल. आणि आणखी एक गोष्ट मनात आली, तीही सांगते. मी बोलले नाही तर काय बिघडतं? तुझ्या आईवर आळ आहे, गोळ्यांवर आळ आहे, माझं नाव कुठेच नाही. पूनमचं बाळ अजून जन्मायचंय. ते पुढे उशिरा बोललं तर लोक म्हणतील, मावसबहिणीच्या वळणावर गेलं. मी त्यात कुठेही दिसणार नाही. या विचारानं मला सुटल्यासारखं वाटलं, वहिनी, एक थांबा येईपर्यंत. एवढी मी वाईट आहे. तू मला शहाणी समजायचीस.

आज तुझा दहावा झाला. नदीवरून माणसं परत आली, पंगत बसायची होती. पूनम तुझ्यासारखीच दिसते. पोट आता कळतं. आल्या आल्या ती आरोहीपाशी बसली, तिला हात न लावता, आणि एक झाकण तिच्यापुढे सरकवलं. आरोहीनं ते घेतलं. तू गेल्यापासून तिनं दुसऱ्या कुणाच्या हातून काही घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

तुझी आई उठली. सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "पूने, आन ती बाटली."

"आई, डॉक्टरनी—"

"तुझ्या भनीला बी डॉक्टरनीच दिल्या हुत्या. आन म्हनते ना."

पूनमनं एकदा आरोहीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे, आणि पर्समधून छोटी पांढरी बाटली काढून दिली. इतक्या पटकन दिली की मला कळलं, तिलाही आतून तेच वाटत होतं. तुझ्यासारखंच.

"बरं केलंस बाई," सुमनकाकू म्हणाल्या.

तुझी आई बाटली घेऊन उकिरड्याकडे निघाली. मी दारात पाण्याचे पेले घेऊन उभी होते. ती माझ्यासमोर आली आणि मी बाजूला झाले नाही. तिला वाटलं, मला दिसलं नाही. ती डावीकडून निघाली, मी डावीकडे सरकले.

"पिंके, वाटेत काय हुबी ऱ्हायलीस," माझी आई म्हणाली. "पंगतीला पानी दे."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. दादाही गोठ्यातून आला होता, खांबाशी उभा होता. मी पेले खाली ठेवले. माझा आवाज कसा निघाला ते मला आठवत नाही, पण शब्द सगळे आठवतात.

"मावशी, ती बाटली पूनमला परत द्या. ही गोळी तिच्या बाळाच्या डोक्यासाठीच आहे, मी डॉक्टरांना विचारून आलेय. आणि वहिनी गोळ्यांनी गेली नाही. तिनं दोन महिने एकही गोळी घेतली नव्हती, म्हणून तिला फिट आली आणि ती हौदात पडली. गोळ्यांनी पोटातल्या बाळावर परिणाम होतो, हे मीच तिला कागदावरून वाचून दाखवलं होतं. त्याच कागदावर खाली लिहिलं होतं, विचारल्याशिवाय बंद करू नका. ते मी दुसऱ्या दिवशी वाचलं आणि तिला सांगितलं नाही. तिनं बंद केल्यात हे मला दिसत होतं, दादा. मला दिसत होतं."